काडीवरचं लोखंड

सांगलीला विश्रामबागेत आमचा क्लास होता, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. तिला खिडकी होती, पण तिच्यावर काळा फोम चिकटवलेला. ही व्हिडिओ काढायची खोली. पंखा लावला तर घरघर रेकॉर्ड होते म्हणून पंखा बंद, एसी लावला तर गुणगुण येते म्हणून तोही बंद. दार लावायचं, त्यावर जाड पडदा ओढायचा, आणि त्या डब्यात उभं राहून मी हसतमुखानं सांगायचं की झोतभट्टीच्या बुडातून गरम हवेचा झोत आत सोडतात. हवा म्हणे! मला तिथं घाम पुसायची चोरी होती. ओढणी तोंडाकडं गेली की तेवढा तुकडा परत घ्यावा लागायचा.

मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. माण म्हटलं की लोक आधी पाण्याचं विचारतात. ते नाहीये, पुढचं बोला. गावातले निम्मे पुरुष मुंबईला, आमचे नाना मात्र फौजेत गेले. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता चार मेंढरं पाळून आहेत. मेंढरांनाही लायनीत चालवायला बघतात. माझे वडील आहेत म्हणून सांगत नाही, पण माणूस सरळ. साहेबानं सांगितलं की ते बरोबरच असणार, यावर त्यांचा देवासारखा विश्वास. आणि माझं सगळं घोडं अडलं ते इथंच.

क्लासमध्ये मी रुजू झाले त्या दिवशी नाना माझ्याबरोबर आले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात सरांसाठी शाल आणि नारळ. क्लासचे मालक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणायचे, ते फार गोड बोलत. मला पहिल्या मिनिटापासून बेटा. चहा झाल्यावर म्हणाले, "एक पद्धत आहे आमची. शिक्षकांची ओरिजिनल सर्टिफिकेटं आम्ही ऑफिसात ठेवतो. मध्येच कुणी सोडून गेलं की मुलांचं नुकसान होतं ना, बेटा." मी फाईल मांडीवर घट्ट धरली. झेरॉक्स चालेल का, असं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी माझ्या मांडीवरून फाईल उचलली आणि दोन्ही हातांनी सरांपुढं ठेवली.

"आवं सर, ऱ्हाऊंद्या की तुमच्याकडंच. आमचं सर्व्हिस बुक तरी कवा आमच्या हातात होतं? ऑफिसातच असायचं. तितं ते सुखरूप. आमच्या घरात उंदरं लय."

दहावीपासून एम.एस्सी.पर्यंतचं सगळं त्या फाईलमध्ये होतं, जातीच्या दाखल्यासकट. सरांनी ती लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. नानांच्या चेहऱ्यावर असं समाधान, की जणू मला सरकारी नोकरी लागली. गावात जाऊन त्यांनी पारावर सांगितलं, पोरीची कागदं सायबाच्या कपाटात हायती. हा घोळ फौजी बापच घालू जाणे. दुसरा कुणी असता तर चार प्रश्न विचारले असते.

पहिली एक-दोन वर्षं मला त्या कपाटाची आठवणही आली नाही. शिकवायला मिळत होतं ना! आणि त्यातून लोखंडाचा धडा. तो मला इतका आवडतो की विचारू नका. परीक्षावाले कधी तो अभ्यासक्रमातून काढतात, कधी आत घेतात, पण सरांचं म्हणणं, कुठल्या ना कुठल्या परीक्षेत दोन प्रश्न येतातच, तेव्हा शिकवायचाच.

खनिजात लोखंड एकटं नसतं. ऑक्सिजननं त्याला धरून ठेवलेलं असतं, आणि तांबड्या दगडाकडं बघून कुणाला वाटणारही नाही की आत लोखंड आहे. हा दगड, कोक आणि चुनखडी भट्टीच्या तोंडातून वरून टाकायची. खालून गरम हवा. कोक जळतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो वर जाताना तापलेल्या कोकमधूनच जातो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. खरं काम करतो तो हा मोनॉक्साइड. तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो, पण एका दमात नाही. आधी हेमॅटाइटचं मॅग्नेटाइट होतं, मग फेरस ऑक्साइड, आणि मग कुठं लोखंड. चुनखडीचा चुना होतो, तो दगडातल्या वाळूला धरून मळी करतो. मळी वितळलेल्या लोखंडावर तरंगते आणि खालच्या लोखंडाला परत ऑक्सिजनच्या तावडीत जाऊ देत नाही. किती शहाणपणाची गोष्ट आहे ही! मी हे सांगताना हात हलवायचे, वर्गभर फिरायचे.

सर मागच्या बाकावर येऊन बसायचे आणि तास संपला की म्हणायचे, "छान, बेटा. पण मोनॉक्साइड कुठून आला हे पेपरात विचारत नाहीत. कुठल्या पट्ट्यात किती तापमान एवढंच विचारतात. त्याचं एक गाणं करून टाक." लोखंडाचं गाणं! मी केलं. मुलं ते ताल धरून म्हणायची. त्यातल्या एकानंही कधी खनिज हातात धरलेलं नव्हतं, आणि आमच्या क्लासमध्ये लॅब सोडा, साधी परीक्षानळी नव्हती. माझ्या डोक्यात तिडीक जायची, पण पुढचं कडवं मीच सुरू करून द्यायचे.

एका दुपारी वर्ग चालू असताना लाइट गेली. फळ्याऐवजी आमच्याकडं मोठा पडदा होता, तो काळा झाला. मुलं लगेच मोबाइल काढून बसली. माझ्या पर्समध्ये गेरू होता. आमच्याकडं मेंढरांच्या पाठीवर खूण करायला वापरतात तोच, नानांनी मागवलेला. गेरू म्हणजे तरी काय, मातीतलं हेमॅटाइटच. मी खालच्या टपरीवरून काडेपेटी आणली, शेजारच्या किराणा दुकानातून धुण्याचा सोडा. काडीचं टोक ओलं करायचं, सोड्यात बुडवायचं, मग गेरूत घोळायचं, आणि पेटवायची. निम्मी जळली की फुंकर मारायची. काडीचा कोळसा हाच आपला कोक, असं मी सांगितलं. तो काळा कोळसा कागदावर चुरडला आणि कागदाखालून पर्सच्या बटणाचं चुंबक फिरवलं.

काळे बारीक कण उठून उभे राहिले आणि चुंबकामागं पळायला लागले. "आईशप्पथ!" असं कुणीतरी ओरडलं. सगळे माझ्या टेबलाभोवती. एक मुलगी, जी वर्षभरात एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "मॅडम, पण मॅग्नेटाइट पण चुंबकाला चिकटतं. हे लोखंडच आहे कशावरून?"

मला तिला मिठी मारावीशी वाटली. हा प्रश्न! मी म्हणाले, उद्या मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणते, त्याच्या पाण्यात हे कण टाकू. लोखंड असलं तर त्यावर तांबं चढेल, मॅग्नेटाइटवर चढायचं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यानं चक्क गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी मोरचुदाची पुडी पर्समध्येच राहिली. सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, कधीच चढवत नसत. "बेटा, वर्गात आग? पालक फी कशासाठी भरतात? उद्यापासून तू वर्गावर जाऊ नकोस. वर व्हिडिओ काढायला घे. तुझा आवाज चांगला आहे." अशी मी त्या फोमच्या खोलीत गेले. माझ्यासमोर मुलं नाहीत, नुसता एक काळा डोळा. विनोद केला तर हसायला कुणी नाही, चुकलं तर सांगायला कुणी नाही.

पण त्या दुपारचा व्हिडिओ कुणा मुलानं मोबाइलवर काढला होता, आणि तो फिरत फिरत पाचगणीला पोचला. तिथल्या एका निवासी शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. म्हणाल्या, "त्या मुलीचा प्रश्न ऐकला मी. तिला उत्तर दिलंत का?" मी म्हणाले, नाही देता आलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं लॅब आहे, आणि रसायनशास्त्राच्या बाई सोडून गेल्यात. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी मुलाखतीला या. एक तास घ्यायचा, लोखंडाचाच घ्या. ओरिजिनल घेऊन या, त्याशिवाय समितीपुढं बसता येत नाही." त्या सोमवारला अजून महिना होता. फोन ठेवल्यावर मी खोलीत नाचले. मग कपाट आठवलं आणि नाचता नाचता थांबले.

सरांना विचारलं. ते हसले. "पाचगणी? तिथल्या धुक्यात काय करणार तू? बरं, जा. मी कुणाला अडवत नाही. फक्त धातूंचा धडा पूर्ण रेकॉर्ड करून दे, मग बघू."

मी करून दिला. सकाळी आत जायचे, बाहेर यायचे तेव्हा कपडे पिळून काढण्यासारखे. लोखंड झालं, तांबं झालं, जस्त, ॲल्युमिनियम. लोखंडाचा तर तीनदा घ्यायला लावला, कारण मोनॉक्साइडवर मी फार वेळ घालवते. तिसऱ्या वेळी, "वितळलेलं लोखंड भट्टीच्या तळाशी साठतं आणि तिथून ते बाहेर काढलं जातं," एवढं वाक्य म्हणताना मला श्वासच घेता येईना. दार कुठं आहे तेच कळेना, सगळीकडं काळा फोम. मी पडदा ओरबाडून बाहेर आले आणि जिन्यात बसून ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं आणि आत जाऊन ते वाक्य परत म्हटलं. हसतमुखानं.

धडा संपला. मी केबिनमध्ये गेले. सर म्हणाले, "शाब्बास. आता असं कर, वडिलांना पाठव. फाईल त्यांनी माझ्या हातात दिलीय, विश्वासानं. त्यांच्याच हातात परत देणार. तुझ्या हातात दिली आणि उद्या ते मला विचारायला आले तर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सर्टिफिकेटं माझी! रात्र रात्र जागून परीक्षा मी दिल्या! पण बोलले काय, तर "बरं सर". डुप्लिकेट काढायची म्हणजे पोलिसांत जाऊन हरवली म्हणून खोटं लिहून द्यायचं. ती हरवली कुठं होती? माझ्यापासून हाताच्या अंतरावर, लोखंडी दाराआड होती. ते कपाट मला रोज दिसायचं.

नानांना फोन केला.

"नाना, एकदा सांगलीला या. सरांकडनं माझी फाईल घ्यायचीय."

"का? काय झालं?"

"पाचगणीला नोकरी मिळतीया. चांगली हाय. लॅब हाय तितं."

"आन् सर काय म्हणत्यात?"

"सर म्हणत्यात, तुमी या."

"म्हंजे त्यांच्या मनात न्हाई. मी दिल्याली वस्तू मागायला जाऊ व्हय? माणूस तोंडावर थुकंल माझ्या. गप काम कर."

फोन ठेवून दिला. मी परत केला, उचलला नाही. आईला केला. आई सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "तू गप ऱ्हा. मी हाय न्हवं." तिनं घरात काय केलं ते आजवर मला सांगितलेलं नाही. पण मुलाखतीच्या आधीच्या शनिवारी सकाळी नाना सांगलीच्या स्टँडवर उतरले. तोच कडक शर्ट. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रिक्षात म्हणाले, "किती वाजता असत्यात सायब?"

केबिनमध्ये नाना बसले नाहीत. सर खुर्ची पुढं करत होते, तरी हे आपले ताठ उभे. मी दाराशी.

"सर, पोरगी कागदं मागतीया," नाना म्हणाले. "माफी असावी."

माफी! मला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. माफी कशाची? आपलं आपण मागतोय, त्याची? पण नानांच्या मानेवरची शीर उडत होती. या माणसानं आयुष्यात कुणापुढं हात पसरला नव्हता, हेही खरं.

सरांनी कपाट उघडलं, फाईल काढली, वरची धूळ रुमालानं पुसली आणि नानांच्या हातात दिली. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "नाना, तुम्ही जाणते आहात. पाचगणीची नोकरी म्हणजे हॉस्टेलवर राहणं. एकटी पोरगी. इथं माझ्या नजरेखाली होती. विचार करा." नाना म्हणाले, "व्हय सर." आणि जाता जाता त्यांनी सरांना सॅल्यूट ठोकला.

बाहेर आले तेव्हा ऊन लागलं तोंडाला. मला वाटलं, झालं, सुटलं. इतकी हलकी झाले होते की नानांना म्हणाले, चला, भडंग घेऊ आईला. नाना म्हणाले, नको. रिक्षात फाईल त्यांच्या पिशवीत होती आणि पिशवी मांडीवर. मी मागितली नाही. उतरताना देतील, असंच धरून चालले होते.

स्टँडवर दहिवडीची गाडी लागलेली होती. नाना आत चढले, खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली. मी खाली खिडकीशी उभी. ते पुढं बघत होते.

"नाना, फाईल."

"ऱ्हाऊंदे माझ्याकडं."

मला वाटलं, त्यांना कळलं नसावं. "आवं, परवा मुलाखत हाय माझी. ओरिजिनल दावायला लागत्यात."

"कुटं जायाचं न्हाई. सर काय म्हणले ते आयकलं न्हवं? एवढा मोठा माणूस सांगतोय ते काय उगंच?" मग जरा मऊ आवाजात, मला समजावल्यासारखं, "ट्रंकंत ठिवतो. कुलूप हाय तिला, उंदराचं भ्या न्हाई. तुजं लगीन जमलं म्हंजे तुज्या सासऱ्याच्या हातात दीन. मंग माजं काम झालं."

ते हे प्रेमानं सांगत होते. तेच तर! रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. एका कपाटातून काढायला मी महिनाभर त्या खोलीत घुसमटले, आईनं घरात काय सोसलं असेल ते तिलाच ठाऊक, आणि आता ट्रंक. आणि ट्रंकेतून कुणातरी न पाहिलेल्या माणसाच्या हातात. कंडक्टर दार ओढून घेत होता.

मी खिडकीतून हात आत घातला. पिशवीच्या तोंडातून फाईलचा कोपरा वर आला होता, तो पकडला. आयुष्यात पहिल्यांदा मी नानांच्या हातातली वस्तू ओढत होते.

"द्या."

"सोड. माणसं बघत्यात."

"बघूंद्या."

नानांनीही दुसरीकडून धरली. मुठी फौजेतल्या, पण मी सोडली नाही. पलीकडच्या बाकावरची बाई तोंडाला पदर लावून बघत होती. ड्रायव्हरनं गाडी चालू केली, खिडकी थरथरायला लागली.

"येडी हाईस का?" नाना कळवळून म्हणाले. "एवढी मोलाची कागदं. हरवून बसशील कुटंतरी!"

"हरवली तर माजी हरवतील, नाना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. दिवसभरात पहिल्यांदा, आणि फार वेळ. दुसऱ्याच्या पोरीकडं बघावं तसं. मग त्यांची बोटं सैल झाली, फाईल माझ्या हातात आली आणि माझा तोल गेला. मी सावरून वर बघते तर गाडी हलली होती, आणि नाना दोन्ही हातांनी जोर लावून खिडकीची काच बंद करत होते.